क्रमांक पाचच्या उदासीचा खुलासा

रॉक बँडमध्ये गाणाऱ्याला गाव ओळखतं, गिटारवाल्याला कॉलेजच्या मुली ओळखतात आणि ड्रमवाल्याला त्याचे शेजारी ओळखतात. कीबोर्डवाल्याला फक्त लाइटवाला ओळखतो, तोही "जरा बाजूले सरका ना भाऊ" म्हणण्यापुरता. मुकुंद बोरकुटे चौदा वर्षं नागपुरातल्या 'सत्तेचाळीस डिग्री' या बँडमध्ये कीबोर्ड वाजवत होता. या काळात बँडचे जेवढे फोटो छापून आले त्यांतल्या एकात मुकुंदचा उजवा हात पूर्ण आला होता. ते कात्रण त्याने जपून ठेवलं आहे. नीट पाहिलं तर अंगठी ओळखू येते.

आठवड्याचे पाच दिवस मुकुंद सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक असे. कार्यालयाचं नाव इथं सांगत नाही, कारण ते सांगायला अर्ज करावा लागेल आणि अर्जाचं काय होतं हे पुढे येणारच आहे.

बँडचा म्होरक्या ऋषिकेश. लकडगंजात त्याचं लाकडाचं दुकान होतं. गळा दणदणीत आणि मन मोठं. चाली मुकुंद बांधायचा, पण ऋषिकेशने एकदा डोळे मिटून हात वर केला की त्या ऋषिकेशच्या व्हायच्या. गाण्याच्या मध्ये आपणही काही वाजवावं असं मुकुंदला फार वाटे. तो सोळा मात्रांचा तुकडा बसवून आणायचा. ऋषिकेश प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. "मस्त आहे बे, एकदम कडक. फक्त छोटा कर." मग सोळाच्या आठ व्हायच्या, आठाच्या चार, आणि त्या चारांत नेमकं गणेश मंडळाचे अध्यक्ष माइक हातात घेऊन कोणाची तरी गाडी बाजूला काढायला सांगायचे.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मुकुंदने एकट्याचा अल्बम काढायचं ठरवलं. आठ तुकडे आणि नुसता कीबोर्ड. ड्रम नाही, गाणं नाही, ऋषिकेश नाही. नाव व्हावं, पुरस्कार मिळावा असलं काही त्याच्या मनात नव्हतं. आयुष्यात एकदा कोणीतरी फक्त आपल्यालाच ऐकावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता, एवढीच त्याची इच्छा होती. ही इच्छा पुरस्कारापेक्षा महागडी आहे, हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

रेकॉर्डिंग घरीच चाललं. कीबोर्डची तार सरळ कॉम्प्युटरमध्ये आणि मुकुंदच्या कानाला हेडफोन. या व्यवस्थेत एक गंमत अशी होते की वाजवणाऱ्याच्या कानात समुद्र उसळत असतो आणि घरातल्या बाकीच्यांना नुसतं टकटक टकटक ऐकू येतं. तीन आठवडे ही टकटक ऐकून शेजारचे विश्वनाथराव एका संध्याकाळी गॅलरीतून डोकावले. विश्वनाथराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सरकारी नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"मुकुंदा, इतकं टायपिंग कायचं करून राहिला गा तू? ऑफिसचं काम घरी आणतं काय?"

मुकुंदने अल्बमचं सांगितलं. विश्वनाथराव आनंदले, मग गंभीर झाले.

"परवानगी घेतली?"

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? सरकारी माणूस ना तू! माहा एक सोबती होता, नाटकात राजा झाला न विचारता. गावच्या नाटकात गा, जास्त नाही, एका रात्रीचा राजा. तीन वर्षं चौकशी चालली त्याची. दर सोमवारी राजाले साहेबापुढं उभं राहा लागे. मले काय करायचं आहे, पण तू पाहून घे."

'मले काय करायचं आहे' हे शब्द ज्या सल्ल्याच्या शेवटी येतात तो सल्ला माणसाला झोपू देत नाही. मुकुंदची बायको श्वेता हिने तोवर धंतोलीतल्या एका वाचनालयाचा हॉल प्रकाशनासाठी ठरवूनही टाकला होता, जूनचा दुसरा रविवार. हॉलच्या दोन्ही बाजूंना दवाखाने, त्यामुळे व्यवस्थापकाने आवाज हळू ठेवायची अट घातली होती. श्वेताने ती आनंदाने मान्य केली, कारण अल्बमला आवाज असतो हे तिने अजून स्वतः अनुभवलं नव्हतं. तिची काळजी वेगळीच होती.

"अहो, पारशिवनीहून आपले पाहुणे दोन गाड्या भरून येऊन राहिले. एखादं गाणं ठेवा ना त्याच्यात. नाही तं त्याइले वाटन, गाणारा आलाच नाही."

"श्वेता, हे सोलो आहे."

"हो, पण एक माणूस तं गाऊ शकते ना त्याच्यात!"

दुसऱ्या दिवशी मुकुंद आस्थापना शाखेत चंद्रभानजींसमोर जाऊन उभा राहिला. चंद्रभानजींना सगळे नियम पाठ होते आणि एकाही नियमावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी जाड पुस्तक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि बोट ठेवलं. काम निव्वळ कलात्मक स्वरूपाचं असेल तर परवानगीची गरज नाही, असं त्या बोटाखाली लिहिलेलं होतं.

"म्हणजे गरज नाही," मुकुंद हरखला.

"बिलकुल नाही. पण तुहं काम निव्वळ कलात्मक आहे हे कोण ठरवन?"

"मी सांगतो ना."

"तू तं अर्जदार होय. तू सांगशीन, मी निव्वळ लता आहो! अर्ज कर. परवानगी लागत नाही असं लेखी मिळून जाईन."

अशा रीतीने जे लागत नव्हतं ते मिळवण्यासाठी मुकुंदने अर्ज केला. नमुन्यात सातवा रकाना होता 'गीताचे बोल, तीन प्रतींत'. बोल नव्हतेच, म्हणून त्याने रकाना कोरा सोडला. चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता 'रकाना क्र. ७ रिक्त'. त्याने 'बोल नाहीत' असं लिहिलं. पुन्हा परत. चंद्रभानजींनी समजावलं, "नाहीत असं नाही लिहीत गा. निरंक लिही." त्याने निरंक लिहिलं. या वेळी अर्जाला पिवळी चिठ्ठी टाचून आली, 'बोल निरंक असल्याबाबत गीतकाराचे प्रमाणपत्र जोडावे'. आता इथं मुकुंदबद्दल हळहळताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. अठरा वर्षांत त्याने स्वतः लोकांच्या अर्जांना असल्या शेकडो पिवळ्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. त्यांची टाचणी दुसऱ्या बाजूने कशी लागते ते त्याला पहिल्यांदाच कळलं.

ज्या गाण्यांना गीतकार नाही त्या गाण्यांचा गीतकार कुठून आणायचा? मुकुंदने हताश होऊन विश्वनाथरावांना विचारलं. ते तरुणपणी कविता करायचे, ही माहिती त्यांनी आजवर साऱ्या गल्लीला दिलेलीच होती. त्यांनी चष्मा चढवला, कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की, सदर अल्बमसाठी मी कोणतेही गीत लिहिलेले नाही.' खाली सही, तिच्याखाली दोन रेघा. मुकुंदचे डोळे पाणावायचेच बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथराव दारात हजर.

"मुखपृष्ठावर माहं नाव कुठं येणार आहे?"

"तुमचं नाव?"

"मोठं नको. 'गीते, विश्वनाथ' एवढं पुरे."

"पण काका, तुम्ही गीतं लिहिलीच नाहीत ना."

"न लिहिण्याची जबाबदारी तं घेतली ना गा! सही आहे माही!" विश्वनाथराव दुखावले. मग समजूतदारपणे म्हणाले, "बरं, तुले अवघड वाटत असन तं मी लिहून टाकतो. किती पाहिजे, आठ ना?"

आणि त्यांनी लिहायला घेतलं. रोज सकाळी एक गीत दाराच्या फटीतून आत येऊ लागलं. तिसऱ्या तुकड्याचं नाव 'उड्डाणपूल' होतं. त्यावरच्या गीतात राधा होती, कृष्ण होता आणि उड्डाणपुलाखाली त्यांची चुकामूक झाली होती. श्वेताला ते मनापासून आवडलं. ऋषिकेशपर्यंत बातमी पोचली, तसा तोही फोनवर म्हणाला, "गीतं आहेत काय! मंग मी गाऊन टाकतो ना बे. तुह्यासाठी इतकं नाही करणार काय?" एकट्याच्या अल्बममध्ये माणसं वाढू लागली. मुकुंदचा चेहरा उतरला, पण तो चौदा वर्षं कोणाला नाही म्हणाला नव्हता आणि त्याची सवयही राहिली नव्हती.

इकडे अर्ज पुढे सरकला होता. काम निव्वळ कलात्मक आहे की नाही हे ठरवायला दोघांची समिती नेमली गेली. एक चंद्रभानजी आणि दुसऱ्या अधीक्षक प्रेमलता मॅडम. प्रेमलता मॅडमचं नाव ऐकून मुकुंदने अर्जाची प्रत काढून सगळे रकाने पुन्हा तपासले. या बाईंनी एकदा स्वतःच्याच रजेच्या अर्जात त्रुटी काढून तो स्वतःलाच परत केला होता. त्या वर्षी त्या रजेवर गेल्याच नाहीत.

समितीपुढे पहिला प्रश्न ऐकण्याचा आला. कार्यालयाच्या कॉम्प्युटरला बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायला बंदी होती. शेवटी कोठीतून पंधरा ऑगस्टचा लाउडस्पीकर निघाला. तो झेंड्याच्या कार्यक्रमासाठी होता आणि संगीत म्हणून त्याला फक्त राष्ट्रगीताची सवय होती. मे महिन्याची दुपार, सभागृहातला कूलर बंद, कारण कूलर चालू असला की ऐकू येत नव्हतं. भोंग्यातून मुकुंदचा पहिला तुकडा निघाला आणि अर्ध्या इमारतीत पोचला. लोक आपापली कामं टाकून दाराशी आले. कोणी विचारलं, आज कोणाचा निरोप समारंभ आहे काय? कोणी विचारलं, लाइनीत उभं राहायचं की बसायचं? दुसऱ्या तुकड्याला चंद्रभानजींची मान छातीवर आली. त्यांनी नंतर लिहिलं, 'शांततेचा भंग होत नसल्याचे स्वतः खात्री केली.' मुकुंद दारामागे उभा राहून घामाने निथळत होता. प्रेमलता मॅडम ताठ बसल्या होत्या आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. आपल्या संगीतात त्यांना किती त्रुटी सापडल्या असतील याचा हिशेब करायचंही त्याला धाडस झालं नाही.

चार दिवसांनी टिपणी हातात आली. सात तुकड्यांना आक्षेप नव्हता. पुढे मॅडमच्या अक्षरात होतं, 'क्र. ५ ऐकताना उदास वाटते. सदर उदासी शासनाच्या एखाद्या धोरणाबाबत आहे किंवा कसे, याचा अर्जदाराने तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मुकुंद तो कागद घेऊन जिन्यात बसला. त्याला हसावं की रडावं ते समजेना. प्रकाशनाला नऊ दिवस उरले होते, पारशिवनीच्या दोन गाड्या ठरल्या होत्या, आणि एक अख्खं शासन त्याला विचारत होतं की तू उदास का आहेस. त्याने मुरलेल्या कारकुनासारखा खुलासा लिहिला, 'सदर उदासी तांत्रिक स्वरूपाची असून ती अनवधानाने राहून गेली आहे.' संध्याकाळपर्यंत तो परत आला. शेरा दोनच शब्दांचा, 'खुलासा मोघम.'

मग तो लकडगंजला गेला. ऋषिकेश सागवानाच्या फळ्या मोजत होता. मुकुंदने सगळी हकिकत सांगितली.

"पाचवा तुकडा उदास आहे?" ऋषिकेशने विचारलं. "कोणता रे?"

"मी तुले मार्चमध्ये पाठवला होता सगळा अल्बम."

"हाव हाव, आला होता. ऐकायचा राहूनच गेला ना यार. सीझन चालू आहे." ऋषिकेश खरोखरच ओशाळला. लगेच उजळला. "टेन्शन काहून घेतं? मी गातो ना त्याच्यावर. उदासी निघून जाईन!"

मुकुंदला राग आला नाही. राग यायला हवा होता, पण त्याच्याऐवजी फार एकटं वाटलं. स्कूटरवरून परत येताना त्याच्या लक्षात आलं की आतापर्यंत सल्ला सगळ्यांनी दिला होता. गीतं आली, गळा आला, गाड्या ठरल्या, हॉल ठरला. अल्बम मात्र कोणी ऐकला नव्हता. ऐकला असेल तर समितीतल्या दोघांनी, आणि त्यातला एक झोपला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारला आणि दुसरा खुलासा लिहिला. भाषा बदलणं त्याला जमलं नाही, पण मजकूर खरा होता.

'विषयांकित प्रकरणी सादर करण्यात येते की, प्रत्येक कार्यक्रमापूर्वी गायक, गिटार व ड्रम यांची ध्वनिचाचणी होते. कीबोर्डची चाचणी करण्यास वेळ उरत नाही. त्यानंतर इतर सहकारी पोहे खाण्यास जातात व अर्जदार मंचावर थांबतो. त्या वेळी समोर फक्त खुर्च्या लावणारी माणसे असतात. अर्जदार गेली चौदा वर्षे त्या वेळेत हीच चाल वाजवत आला असून ती थोडी थोडी वाढत गेली आहे. ती आजपर्यंत कोणी ऐकली असल्याचे अर्जदाराच्या निदर्शनास आलेले नाही. त्यामुळे तिच्यात उदासी आली असावी. त्यात शासनाचा काहीही दोष नाही.'

त्याने सही केली, खुलासा आवक विभागात देऊन टाकला आणि नंतर दिवसभर त्याला लाज वाटत राहिली. अशा गोष्टी बायकोलाही सांगितलेल्या नसताना आवक क्रमांक टाकून कशा दिल्या? रात्री जेवताना त्याने श्वेताला त्या खुलाशाची प्रत दाखवली. तिने ती वाचली आणि दाराच्या फटीतून आलेली विश्वनाथरावांची सगळी गीतं गोळा करून फडताळात ठेवून दिली.

"पोरं नाचणार होती पारशिवनीची," ती म्हणाली. "बसून ऐकतीन. मी सांगते त्याइले."

शुक्रवार उजाडला. प्रकाशन रविवारी. दुपारी चार वाजता प्रेमलता मॅडमचं बोलावणं आलं. मुकुंद खोलीत गेला. टेबलावर त्याची फाइल होती, ती आता चांगलीच जाड झाली होती.

"बसा, बोरकुटे." मॅडमनी फाइल त्याच्याकडे सरकवली. "वाचून घ्या, मंग पोच द्या."

त्याने टिपणी उघडली. पहिली ओळ चंद्रभानजींची होती. 'काम निव्वळ कलात्मक असल्याने परवानगीची आवश्यकता नाही.' दोन महिन्यांपूर्वी जिथे बोट ठेवलं होतं तिथेच गाडी येऊन थांबली होती. त्याखाली मॅडमचं बारीक, सरळ अक्षर सुरू होत होतं. 'क्र. ५ बाबतचा खुलासा दि. ३ रोजी वाचला. ध्वनिमुद्रण अभ्यासार्थ घरी नेले. दि. ३ रोजी ऐकले. दि. ४ रोजी पुन्हा ऐकले. दि. ५ रोजी घरच्यांनीही ऐकले, कोणीही मध्ये उठले नाही. दि. ६ रोजी एकटीने ऐकले. खुलासा समाधानकारक.'

मुकुंदने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली, म्हणून त्याने फाइल मिटली. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने मॅडमसमोर 'होय मॅडम' शिवाय काही उच्चारलं नव्हतं, तेच पुन्हा उच्चारलं.

"एक त्रुटी आहे," मॅडम म्हणाल्या.

मुकुंद सावरून बसला. असणारच होती.

"पाचवा लवकर संपते. आता कुठं माणूस त्याच्यात बसून राहिला, का तुम्ही उठून चालले. काहून केला इतका छोटा?"

मुकुंदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चौदा वर्षं छोटा कर, छोटा कर ऐकून त्याचे कान तसेच घडले होते. "वाढवता येईन, मॅडम," तो कसाबसा म्हणाला. "आहे अजून. बराच आहे. मीच कापला होता."

"वाढवा मंग."

"पण परवा प्रकाशन आहे."

"परवा जेवढा आहे तेवढा वाजवा. वाढवलेला नंतर. पण एक लक्षात ठेवा," मॅडमचा आवाज पुन्हा अधीक्षकांचा झाला, "मंजूर कामात बदल केला तं नवीन अर्ज करा लागन. ते निव्वळ कलात्मक आहे का नाही, हे समितीले पुन्हा पूर्ण ऐकून ठरवा लागन."

त्यांनी खण उघडला आणि एक नमुना काढून त्याच्यासमोर ठेवला. कोरा नव्हता. सातव्या रकान्यात आधीच 'निरंक' लिहिलेलं होतं. अर्जदाराच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती. मुकुंदने पेन काढलं आणि सही करण्याआधी, सवयीप्रमाणे, सगळे रकाने तपासले. दहावा रकाना होता, 'काम वाढविण्याचे कारण'. त्यात मॅडमनी पेन्सिलीने, पुढे शाईने गिरवता यावं इतक्या फिक्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऐकणाऱ्यांची मागणी.'